माहिती देणाऱ्याचे नाते

आमच्या गल्लीत कोणी वारलं की पहिला आवाज रडण्याचा येत नाही. पहिला आवाज येतो, "आधार कार्ड कुठी हाय?"

हा आवाज टापरेकाकांचा. आवाजामागून प्लास्टिकची निळी फाइल येते, फाइलमागून दोरीने गळ्यात अडकवलेलं भिंग येतं आणि सगळ्यात शेवटी स्वतः टापरेकाका दारात उभे राहतात. घरचं कोणी गळ्यात पडायला पुढे झालंच, तर हे त्याच्या हातात कोरा कागद देतात आणि म्हणतात, "रडाले सारी जिंदगी पडली हाय बापा. नोंदीले एकवीसच दिवस हायेत."

उत्तम लक्ष्मण टापरे. दर्यापूरकडच्या एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली आणि निवृत्त होऊन अमरावतीत आमच्या शेजारी राहायला आले. जन्माच्या टेबलाबद्दल त्यांचं मत फारसं बरं नाही. "जन्माच्या नोंदीत असते काय? नावाची जागा खाली, पत्त्यात मामाचं घर. मरनाच्या नोंदीत मानूस कसा पुरा भरेल असते," असं ते चहा पिता पिता सांगतात, आणि ऐकणाऱ्याचा चहा बशीतच राहतो.

त्यांचं ब्रीदवाक्य एकच. "मानूस जाते त जाऊ दे, मात्रा जाऊ देऊ नोको." मात्रा म्हणजे औषधाची नव्हे, अक्षरावरची. डॉक्टरची मात्रा चालली नाही की टापरेकाकांची मात्रा सुरू होते, असं गल्लीतले लोक म्हणतात. अर्थात त्यांच्या मागे.

एकदा चौकात एका पुढाऱ्याच्या काकांचा भलामोठा फ्लेक्स लागला. वर ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रध्दांजली'. सकाळी दूध आणायला गेलो तर टापरेकाका स्टुलावर उभे आणि हातात काळा मार्कर. खाली चार कार्यकर्ते बाह्या सरसावून. त्यांना वाटलं, हा विरोधी पक्षाचा म्हातारा काकांना मिशा काढतोय. टापरेकाकांनी वरूनच विचारलं, "द पयले का ध पयले?" कार्यकर्त्यांना काही सुधरेना. मग पंधरा मिनिटं भर चौकात जोडाक्षराचा तास झाला. "द वरतं, ध खालतं. मेलेल्या मानसाले उलटं कायले टांगता?" शेवटी त्यातल्याच एकाने स्टूल धरलं. तेव्हापासून तो फ्लेक्सवाला छापण्याआधी मजकूर टापरेकाकांच्या मोबाइलवर पाठवतो. परिणाम असा की आमच्या भागात जिवंत माणसांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स अशुद्ध असतात आणि मेलेल्यांचे शुद्ध.

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. बायकोचा मृत्यूचा दाखला त्यांनी लॅमिनेट करून देवघराशेजारी लावला आहे, आणि नवा माणूस घरी आला की भिंग देऊन तो वाचायला लावतात. "एक चूक दाखोव," म्हणतात. अजून कोणाला सापडलेली नाही.

माझ्या वडिलांचं आणि त्यांचं काही फार जमत नसे. म्हणजे रोज संध्याकाळी दोघं ओट्यावर बसत, पण भांडायला. वडील त्यांना कोणतीही चिठ्ठी, पत्रिका, औषधाचं पाकीट पाठवलं तरी वर मुद्दाम 'ऊत्तम टापरे' असं लिहीत. दीर्घ ऊ. टापरेकाका लाल पेनाने तो ऊ खोडून, ऱ्हस्व करून, पाकीट परत पाठवीत. हे वीस वर्षं चाललं. मी मराठीचा मास्तर. दोघंही मला पंच करत आणि दोघंही माझा निकाल मानत नसत.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही एकत्र कुटुंबातले. मोठ्या बाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची, सहा पोरं माझ्याआधीची. ती माझ्या वडिलांना 'काका' आणि आईला 'काकू' म्हणत. मी शेवटचा. मला वाटलं, यांची नावंच तशी आहेत. त्यामुळे मी जन्मभर बापाला 'काका' आणि आईला 'काकू' म्हणत आलो. शाळेत पहिल्या दिवशी बाईंना वाटलं पोरगं पोरकं आहे, आणि त्यांनी मला दोन गोळ्या जास्त दिल्या. वऱ्हाडात अशी घरं काही कमी नाहीत. कोणी बापाला 'भाऊ' म्हणतो, कोणी आईला 'वहिनी'. चालतं. जोपर्यंत कोणी ते लिहून घेत नाही तोपर्यंत चालतं.

वडील आत्याकडे अकोल्याला गेले होते. तिथेच श्वास लागला. मी पोचलो तेव्हा आतेभावाने त्यांना एका दवाखान्यात नेलं होतं आणि खिडकीवर कागद भरणं सुरू होतं. "पेशंट तुमचे कोण?" "काका," मी म्हणालो. "नाव?" "शेषराव भुयार." मग सही. मग पळापळ. सहाव्या दिवशी सकाळी वडील गेले. पुन्हा खिडकी, पुन्हा कागद, पुन्हा सही. काय लिहिलंय ते वाचायचं असतं, हे मी वर्गात मुलांना दरवर्षी सांगतो.

अमरावतीला आणून सगळं आटोपलं. तिसऱ्या दिवशी टापरेकाका आले. या वेळी दारात उभं राहून त्यांनी आधार कार्ड मागितलं नाही. जरा वेळ वडिलांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. मला वाटलं, चला, आपल्या घरी तरी माणसासारखे वागणार. तेवढ्यात म्हणाले, "दवाखान्यानं कागद काय काय देल्ले? आन."

मी एक कागद पुढे केला. "हा दाखला."

"हा दाखला नाही. मुर्दा नेऊ द्या म्हनून देल्ली ते चिठ्ठी हाय. दाखला तुले भेटला नाही अजून."

"मग उद्या इथल्या महानगरपालिकेत जाऊन घेतो."

टापरेकाकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी शाळेत असतो तर बाकावर उभा राहिलो असतो. "मास्तर, मानूस जिथी मरते तिथची नोंद असते. राशन अमरावतीचं, मतदान अमरावतीचं, पन मरन अकोल्याचं. अमरावतीच्या हिशेबानं तुया बाप अजून जित्ता हाय."

मग त्यांनी भिंग लावलं. डॉक्टरच्या कागदाची झेरॉक्स होती. मृत्यूचे कारण, 'हृदयक्रिया बंद पडणे'. टापरेकाका खदखदून हसले. दुखवट्याच्या घरात. आईने आतून डोकावून पाहिलं.

"हृदय बंद पडलं म्हनून मेले! अरे, हृदय चालू ठेवून मेलेला कोनी पायला काय तुमी? मानूस पायऱ्या उतरत उतरत मरते. शुगर झाली, मंग किडनी गेली, मंग छातीत पानी झालं. हे साऱ्या पायऱ्या लिवा लागतात. हा डॉक्टर डायरेक्ट अंगनात उडी मारून राहिला."

दुसरा कागद त्यांनी उलटला आणि हसणं थांबलं. ही दवाखान्याने नोंदणीसाठी भरलेल्या माहितीची घरच्यांसाठीची प्रत होती. भिंग वरून खाली गेलं, खालून वर आलं.

"शेषराव कसा लिवला पाय. श शहामृगाचा. शेषनागाचा पोटफोड्या ष कुठी गेला?" मी काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला. "ते राहू दे. बायकोच्या नावासमोर काय हाय?"

"रेघ आहे."

"रेघ. आन माहिती देनाऱ्याचं मृताशी नातं?"

मी वाचलं. पुन्हा वाचलं. 'पुतण्या.'

"मराठीचा मास्तर," टापरेकाका हळू म्हणाले, "आन सही करतानी आंधळा. तू आपल्या सहीनं बाप नाकारला लेका."

खिडकीवरच्या माणसाने मी म्हणालो ते 'काका' इमानदारीने लिहून घेतलं होतं. आणि पुतण्याला काकूचं नाव काय माहीत असणार, म्हणून तिथे रेघ ओढली होती. आई दाराशी येऊन उभी राहिली होती. तिने कागद मागितला नाही, नुसतं विचारलं, "पन्नास वर्सं संसार केला, आन मायी रेघ?"

टापरेकाकांनी तो कागद निळ्या फाइलमध्ये ठेवला.

मग ते एकदम कामाला लागले. दवाखाना आठ-दहा दिवसांची कागदं एकदम पाठवतो, एकदा ती रजिस्टरात चढली की दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र, अर्ज, साक्षीदार, आणि तोवर आई रेघच राहणार. "परवा सकाळी बडनेऱ्याहून गाडी हाय. तू आन मी."

परवा म्हणजे पाचवा दिवस. माझा मोठा चुलतभाऊ खवळला. "सुतकात घराबाहेर? लोक काय म्हनतीन?"

"सुतक सरकारले लागत नाही," टापरेकाका म्हणाले. "आन तेरवीले बुंदी कमी पडली त लोक चार दिवस बोलतीन. नोंद चुकली त जलमभर निस्तरा लागन."

मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घालून मी बडनेऱ्याला गाडीत बसलो. समोरच्या बाकावरच्या बाईंनी टोपीखालचं डोकं ओळखलं आणि हळहळून विचारलं, "कोन गेलं भाऊ?" मी सवयीने म्हणालो, "काका." टापरेकाकांनी डोळे मिटले. ते मूर्तिजापूर आल्यावरच उघडले.

दवाखान्यात नोंदींच्या खिडकीमागे एक तरुण मॅडम होत्या. कागद त्यांच्याचकडे होते. संध्याकाळी जाणार होते. टापरेकाकांनी प्रकरण मांडलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, यायनंच सांगतलं काका म्हनून. सही पाहा. आता पोरगा झाले काय?"

टापरेकाकांनी माझ्या डोक्यावरची टोपी उचलली. "हे पाय. पुतन्या टक्कल करते काय?"

"आमच्याकडं करतात," मॅडम म्हणाल्या. "माया मोठ्या बाबाच्या टायमाले माया भावानं केलं होतं. त्यायले पोरगा नव्हता ना."

माझं टक्कल पुरावा म्हणून फेटाळलं गेलं होतं. आजूबाजूचे चार लोक ते निरखून बघत होते. टापरेकाकांनी टोपी हातातच धरून जरा वेळ विचार केला आणि मग माझं आधार कार्ड खिडकीतून आत सरकवलं.

"वाचा. मोठ्यानं वाचा."

"प्रकाश शेषराव भुयार."

"मधात कोन बसला हाय?"

मॅडमनी कार्डावर पुन्हा नजर टाकली.

"नावाच्या मधात बाप बसते, बाई. काका कितीबी लाडाचा असो, मधात बसत नाही."

मॅडम हसल्या. आईचं आधार कार्ड मागून घेतलं, रेघ खोडली आणि 'सुमन शेषराव भुयार' लिहिलं. शहामृगाचा श जाऊन पोटफोड्या ष आला. त्यावर टापरेकाकांनी भिंगातून आपली संमती दिली. तेवढ्यात डॉक्टर तिथून चालले होते. टापरेकाका त्यांच्या मागे गेले आणि मला लांबून नुसता 'पायऱ्या, पायऱ्या' एवढाच शब्द ऐकू आला. डॉक्टर पोरगेलेसे होते, रात्रभर जागे दिसत होते. पण त्यांनी ऐकून घेतलं, फाइल मागवली, आणि एकाखाली एक तीन ओळी लिहून सही केली. जाता जाता टापरेकाकांना नमस्कारही केला. टापरेकाकांनी तो पावती घेतल्यासारखा घेतला.

राहिला होता नात्याचा रकाना. मॅडमनी कागद माझ्याकडे फिरवला. "हे तुमीच लिवा. तुमची सही हाय खालतं."

मी 'पुतण्या' खोडलं आणि वर 'मुलगा' लिहिलं. स्मशानात मी रडलो नव्हतो, तिथे माणसं सांभाळायची होती. इथे खिडकीशी, अनोळखी लोकांत, ती तीन अक्षरं बघून मला रडू आवरेना. मी वडिलांना एकदाही 'बाबा' म्हणालो नव्हतो, आणि आता म्हणायची सोय राहिली नव्हती. टापरेकाकांनी माझ्या हाताखालून कागद पटकन ओढून घेतला.

"कागदावर पाडू नोको," ते म्हणाले. "शाई फैलते." आणि टोपी माझ्या डोक्यावर घालून ती दोनदा उगीच सरळ केली.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. टापरेकाकांनी डबा उघडून अर्धी पोळी आणि ठेचा मला दिला. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. सोयाबीन काढून झालेली काळी वावरं मागे जात होती. मग बाहेरच बघत म्हणाले, "आता मले दीर्घ ऊ कोन लिवन?"

मी डब्यातली उरलेली अर्धी पोळी त्यांच्यापुढे सरकवली.

तेरवी झाली. दाखला आला. मी तो नीट वाचला, पहिल्यांदाच मास्तरासारखा. वडिलांचं नाव शुद्ध, आईचं नाव जागेवर. पण माहिती देणाऱ्याचं नातं? दाखल्यावर तो रकानाच नव्हता! मृत्यूचं कारणही नव्हतं. म्हणजे टक्कल दाखवलं, पायऱ्या मोजल्या, खिडकीशी रडलो, ते सगळं न छापल्या जाणाऱ्या दोन रकान्यांसाठी. मी दाखला घेऊन तावातावाने टापरेकाकांकडे गेलो.

ते देवघराशेजारी, बायकोच्या दाखल्याखाली, सतरंजीवर बसले होते. माझं ऐकून घेतलं.

"हो. नाही येत दाखल्यावर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"एकतीस वर्सं तेच केलं ना."

"मग कशाला एवढा खटाटोप?"

"दाखला तू घरी आनला. लॅमिनेट करशीन, ट्रंकीत टाकशीन. रजिस्टर तथीच राह्यते. आपुन सारे गेल्यावरबी राह्यते. त्याच्यात तू पुतन्या म्हनून राह्यला असता."

हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. मग निळी फाइल पुढे ओढली, तिच्यातून एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवून भिंग पुसायला लागले.

नोंदणीचाच नमुना होता. घरी मृत्यू झाल्यास भरायचा. मृताचे नाव: उत्तम लक्ष्मण टापरे. उ ऱ्हस्व, ठसठशीत. वडिलांचे नाव, आईचे नाव, पत्नीचे नाव, पत्ता, शिक्षण, व्यवसाय. सगळं त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात. तारखेची जागा कोरी. मी काही तरी चेष्टा करायला तोंड उघडलं, कारण माणूस स्वतःचा मृत्यूही वेळेआधी भरून ठेवतो म्हणजे हद्द झाली. पण खाली अजून दोन जागा कोऱ्या होत्या. माहिती देणाऱ्याचे नाव. मृताशी नाते.

"तुले फुरसत असली त," ते भिंगाच्या काचेवर फुंकर घालत म्हणाले, "तुयं नाव लिवून ठेव. मायं नाव कोनाच्याच मधात नाही. ऐन टायमाले कोनी गल्लीतला उभा राहीन आन ऊत्तम लिवून मोकया होईन."

मी पेन घेतलं. नाव लिहिलं. प्रकाश शेषराव भुयार. मग नात्याच्या रकान्यापाशी थांबलो.

"शेजारी लिव," टापरेकाका म्हणाले. "हाय तेच लिवाव. खोटं लिवू नोको."

गेली वीस वर्षं मी या माणसाला काय म्हणत आलो, ते मला तेव्हा आठवलं. मी लिहिलं, 'पुतण्या'.

कागद त्यांच्याकडे फिरवला आणि लाल पेनाची वाट बघत बसलो. ज्या माणसाने भर चौकात स्टुलावर चढून जोडाक्षर सोडलं नाही, तो ही खोटी नोंद काय ठेवणार. टापरेकाकांनी भिंग लावलं. तीनच अक्षरं होती, पण भिंग त्यांच्यावरून हलेना. लाल पेन शेजारीच पडलं होतं. त्यांचा हात एकदा त्याच्याकडे गेला आणि परत आला.

"पु ऱ्हस्व काहाडला," ते शेवटी म्हणाले. "बराबर हाय."

आणि कागद फाइलमध्ये ठेवून त्यांनी फाइल मिटली.